एस्टीमचं १.३ इंजिन ट्रॅकसाठी बांधायचंय, दीड लाखात बसतं का? (नागपूर)

धंतोलीकर:
राम राम मंडळी. मारुतीचं जी१३बीबी इंजिन (१२९८ सीसी, १६ व्हॉल्व, एमपीएफआय, एस्टीममधलं आणि जिप्सी किंगमधलं) सर्किटसाठी बांधायचं आहे. गाडी रस्त्यावर चालणार नाही, ट्रेलरवरूनच जाईल-येईल. जिप्सीत हे इंजिन कंपनीच्या आकड्यांनुसार ६००० आरपीएमला ८० बीएचपी देतं. मला फ्लायव्हीलवर ११५-१२० हवेत, लिमिटर (इंजिनाचे फेरे रोखणारी मर्यादा) ८००० वर. इंजिनापुरतं बजेट दीड लाख. गिअरबॉक्स, टायर, सस्पेन्शन वेगळं.
प्रश्न असे: एवढ्यात होतं का? नागपुरात कुठली कामं करावीत आणि कुठली बाहेर पाठवावीत? आणि पैसा कुठे अजिबात वाचवू नये?

तर्री_पोहे:
दीड लाखात ८००० आरपीएम होतात ना भाऊ. एकदाच होतात.

टॉर्करेंच:
गंमत राहू द्या, पण मुद्दा तोच आहे. खर्च बीएचपीवर ठरत नाही, आरपीएमवर ठरतो.
या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५ मिमी. ७००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर, ८००० ला २०.१. फरक किरकोळ वाटतो, पण पिस्टन आणि रॉडवरचा जडत्वाचा ताण आरपीएमच्या वर्गाने चढतो. ६५०० वरून ८००० वर गेलात की ताण थेट दीडपट.
तो सगळ्यात वाईट बसतो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी. कॉम्प्रेशनला पिस्टन वर येतो तेव्हा गॅसचा दाब त्याला थोपवतो. ओव्हरलॅपला (दोन्ही व्हॉल्व थोडे उघडे असतात तेव्हा) वर थोपवायला काहीच नसतं, सगळा हिसका रॉड बोल्टवर. म्हणून स्ट्रेटभर फुल थ्रॉटलला टिकलेला बोल्ट ब्रेकिंगआधी पाय उचलल्यावर तुटतो, आणि रॉड ब्लॉकच्या बाहेर येतो.
लिमिटरच्या भरवशावरही राहू नका. चौथ्यावरून तिसरा टाकताना दुसरा पडला की चाकं इंजिनाला फिरवतात. लिमिटर फक्त स्पार्क आणि पेट्रोल तोडू शकतो.
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं: रॉड बोल्ट. बसवण्याआधी प्रत्येकाची लांबी मायक्रोमीटरने लिहून ठेवा. पुढच्या वेळी इंजिन उघडल्यावर मोकळा बोल्ट ०.०२५ मिमीपेक्षा जास्त लांबलेला दिसला तर भंगारात टाका. नुसता टॉर्क रेंचचा आकडा पुरत नाही, कारण आट्यांवरच्या तेलाने तो बदलतो.

हिशेबनीस:
आकडे मांडतो. सध्याचे साधारण भाव, दुकान बदललं की वर-खाली होणारच.
जुनं पूर्ण इंजिन २० हजार. खोलणे, केमिकल धुणे, क्रँक-रॉडची क्रॅक तपासणी ६. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल पंप, वॉटर पंप, बेल्ट मिळून २२. होनिंग (बोअर बारीक घासणे) ४. एआरपी या रेसिंग बोल्टच्या कंपनीच्या तोडीचे रॉड बोल्ट १०. क्रँक, फ्लायव्हील, क्लच प्लेटचं बॅलन्सिंग ८. हेडला तीन अँगलच्या सीट, पोर्टिंग, कडक स्प्रिंगा २८. कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) रीग्राइंड १२. हेडर (एक्झॉस्टचे पाइप) २०. संपमध्ये (तळाच्या तेलाच्या टाकीत) तेल अडवणारे बॅफल ५. डायनोवर पॉवर मोजणे २०.
झाले १ लाख ५५ हजार. यात पिस्टन स्टॉक, रॉड स्टॉक, आणि ईसीयू अजून आलेलाच नाही. स्टँडअलोन ईसीयू (इंधन आणि स्पार्क ठरवणारा संगणक) ६० च्या पुढे, एक्झॉस्टमधलं मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर २०, म्हणजे २ लाख ३५ हजार.
८००० खरंच हवे असतील तर फोर्ज्ड पिस्टन ५०, एच-बीम रॉड ५०, हेड स्टड १५, हलकं फ्लायव्हील आणि क्लच २०. पावणेचार लाखांच्या आत मला तरी दिसत नाही. रॉड बाहेरून मागवलेत तर ड्युटी, जीएसटी, कुरिअर धरून कॅटलॉगच्या किमतीवर जवळपास निम्मे आणखी चढतात.

धंतोलीकर:
@हिशेबनीस, बापरे. फ्लायव्हील लेथवर कापून चार किलो काढलं तर फुकटात नाही का होत?

टॉर्करेंच:
कापा, पण बाहेरच्या कडेचं काढा आणि क्लचच्या फेसमागची जाडी सोडा. ओतीव लोखंडी फ्लायव्हील मागून पातळ केलं की उष्णतेने तडा जातो आणि फुटलं तर तुकडे बेल हाउसिंग फाडून पायाकडे येतात. शिवाय कापल्यावर पुन्हा बॅलन्सिंग, म्हणजे फुकट नाहीच. इनलाइन चारला बॉबवेट (बॅलन्सिंगसाठी क्रँकवर लावायची वजनं) लागत नाहीत, त्यामुळे तेवढं काम स्वस्तात उरकतं.

नियमावली:
सगळे पार्ट मोजत बसलेत, क्लास कुठला हे कोणी विचारलं का? एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटारस्पोर्टच्या महासंघाच्या) स्पर्धांत प्रत्येक क्लासचे तांत्रिक नियम वेगळे. कुठे कॅम बदलता येतो, कुठे नाही. कुठे कॉम्प्रेशन मोकळं, कुठे हेड खरवडायलाही बंदी. पन्नास हजारांचे पिस्टन बसवून स्क्रूटिनीला बाहेर बसायचं नसेल तर आधी यंदाची नियमावली उतरवून घ्या.
आणि ट्रेलरचं म्हणालात ते बरं केलंत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत असे बदल करू देत नाही. हे इंजिन बसवून वर्धा रोडवर निघालात तर आरटीओला एक्झॉस्ट दाखवायची गरज पडणार नाही, ऐकूच जाईल.

आरएक्स_दादा:
कायले इतका खटाटोप राजेहो? आरएक्स १०० घ्या. बोअर-स्ट्रोक ५० बाय ५०, ९८ सीसी, कंपनीतूनच ११ बीएचपी. लिटरमागे ११२ झाले. तुमचं जी१३ १२० ला पोचलं तरी लिटरमागे ९२ च भरते. पोर्टिंग, मोठा कार्ब, एक्स्पान्शन चेंबर, सीडीआय, ५०-६० हजारात ड्रॅगची गाडी उभी.

मायक्रॉन:
दादा, टू-स्ट्रोक दर फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा. तुलना तिथेच संपली. आणि ड्रॅग म्हणजे काही सेकंदांचं काम. तीच हवेवर थंड होणारी आरएक्स फुल थ्रॉटलला १५ मिनिटं सर्किटवर ठेवा, एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूने पिस्टन पकडतो की नाही बघा.

आरएक्स_दादा:
हाओ, कार्बचा जेट (पेट्रोलचं भोक) दोन नंबर मोठा टाकायचा न मंग. स्क्विश (पिस्टन आणि हेडमधली फट) ०.९ मिमीच्या खाली नेऊ नका, प्लगचा रंग बघत जा, चॉकलेटी आला पाहिजे. पांढरा दिसला की बंद करा. आजकाल लोक मोबाइलवर जेटिंग बघतात, प्लग कोणी काढत नाही.

कट्टा_व्यवस्थापक:
टू-स्ट्रोकला वेगळा धागा काढा, तिकडे रंगेल. इथे जी१३ चालू द्या.

मायक्रॉन:
मूळ प्रश्नाकडे. नागपुरात हे काम करताना एक गोष्ट पुण्या-कोइम्बतूरवाल्यांच्या ध्यानातही येत नाही: मापं कुठल्या तापमानाला घेतली.
मापाचं प्रमाण तापमान २० अंश. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ४४. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, लोखंड ११ च्या आसपास. ७४ मिमीचा पिस्टन २४ अंशांत ४१ मायक्रॉन फुगतो, लोखंडी लायनर २० मायक्रॉन. मायक्रोमीटरही पोलादाचा, तो लायनरच्याच हिशेबाने वाढतो, म्हणून बोअर बरोबर दिसतो आणि पिस्टन २० मायक्रॉन मोठा. म्हणजे दुपारी क्लिअरन्स ८० मायक्रॉन मोजून बोअर मारलात तर तो प्रत्यक्षात १०० आहे. फोर्ज्ड पिस्टन थंड इंजिनात आधीच खडखडतो, त्यात आणखी भर.
त्याहून वाईट म्हणजे पिस्टन एसीच्या खोलीतून आला, ब्लॉक शेडमधला आणि दोन्ही लगेच मोजले. मग आकडा कुठल्याच बाजूचा राहत नाही.
उपाय खर्चाचा नाही. ब्लॉक, पिस्टन, बोअर गेज, मायक्रोमीटर, सगळं रात्रभर एका एसी खोलीत ठेवा आणि सकाळी तिथेच मोजा. पिस्टन स्कर्टवर, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर, पिनला काटकोनात. बोअर वर-मध्ये-खाली आणि दोन दिशांनी, म्हणजे सिलिंडरला सहा मापं.
क्लिअरन्सही मिश्रधातूवर ठरतो. २६१८ चा फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, त्याला ७४ च्या बोअरला ७० ते ९० मायक्रॉन. ४०३२ चा असेल तर ४० ते ५० पुरतात. पिस्टनसोबत आलेला कागद हाच शेवटचा शब्द. स्टॉकचा आकडा फोर्ज्डला लावला की पहिल्या सेशनलाच जाम.

हिंगणा_लेथ:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.
नागपुरात बिनधास्त करा: धुणे, बोरिंग, होनिंग, गाइड बदलणे, हेड फेसिंग, हेडर, बॅफल, अ‍ॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग. घाट रोडला बोरिंगवाले आहेत, हिंगणा-बुटीबोरीला व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) आणि चांगले फिटर मिळतात. बाहेर पाठवा: कॅम ग्राइंडिंग, कस्टम पिस्टन आणि डायनो. त्यासाठी कोइम्बतूर नाहीतर पुणे.
होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायचा जाड पाट) लावूनच करून घ्या. हेडचे बोल्ट आवळले की बोअर गोल राहत नाही, दोन-तीन शतांश मिलिमीटर सहज वाकतो. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल नसतो. मग रिंगा गॅस सोडतात आणि ब्रीदरमधून तेल येतं. इथल्या नेहमीच्या दुकानात या इंजिनाची प्लेट नसते. ४० मिमी जाड पोलादी पाट घ्या, गॅस्केट ठेवून भोकं मार्क करा, चार बोअर मोकळे करा, दोन्ही बाजू सरफेस ग्राइंडरवर. पाच-सहा हजार. मात्र प्लेटसोबत गॅस्केट आणि बोल्ट तेच वापरा जे शेवटी लागणार, टॉर्कही तोच.
दुकानदार म्हणेल, "काही फरक पडत नाही साहेब, वीस वर्षं करून राहिलो." त्याचं टॅक्सीच्या इंजिनापुरतं बरोबरच आहे. पैसे द्या आणि समोर उभे राहा.
टॉप रिंगचा गॅप ०.३० ते ०.३३ मिमी, प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये ठेवून. गॅप कमी राहिला तर गरम झाल्यावर टोकं टेकतात आणि पिस्टनची लँड (रिंगांमधली कडा) उचकटते. थोडा जास्त राहिलेला चालतो.

ब्युरेट:
१२० बीएचपीचं लक्ष्य तपासून बघू या. ७५०० आरपीएमला १२० बीएचपी म्हणजे ११४ न्यूटन-मीटर. जिप्सीचा कमाल टॉर्क १०३, तोही ४५०० ला. म्हणजे कमाल टॉर्कपेक्षा दहा-अकरा टक्के जास्त, आणि तीन हजार आरपीएम पुढे. नुसत्या कॅम-हेडरने हे होत नाही, कॉम्प्रेशन चढवावंच लागतं.
एका सिलिंडरचे ३२४.५ सीसी. कॉम्प्रेशन ९ असेल तर वरची जागा ४०.६ सीसी. १० ला ३६.१, ११ ला ३२.५. हेड खरवडून ११ गाठायचं तर ८ सीसी कमी करायचे. चेंबरचं तोंड अख्ख्या बोअरएवढं धरलं तरी मिलिमीटरला ४.३ सीसीच जातात, म्हणजे जवळपास १.९ मिमी. एवढं हेड कापायचं नसतं: हेडचा तळ पातळ होतो, व्हॉल्व पिस्टनजवळ येतात, आणि कॅम क्रँकच्या जवळ आल्याने टायमिंग मागे पडतं. १० पर्यंत खरवडा आणि टायमिंग परत जुळवायला कॅमची अ‍ॅडजस्टेबल पुली लावा. ११ हवं तर डोम (वर फुगीर) पिस्टन.
आधी प्रत्यक्ष जागा मोजा. चेंबरवर ग्रीस लावून अ‍ॅक्रिलिकची काच, छोट्या भोकातून ब्युरेटने रॉकेल. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत आणा.
नवा कॅम आल्यावर पिस्टनवर मळलेली माती ठेवून हेड बसवा, हाताने दोन फेरे फिरवा, उघडा, माती कापून जाडी मोजा. इनटेकला निदान १.५ मिमी, एक्झॉस्टला २.

विद्यार्थी_रेस्ट्रिक्टर:
थोडं अवांतर. आमच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या (कॉलेजच्या मुलांनी बांधलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) गाडीला केटीएम ३९०चं इंजिन आहे, नियमाने हवेच्या वाटेत २० मिमीचा रेस्ट्रिक्टर (अरुंद गळा). सीनिअर म्हणतात सिंगल सिलिंडरला तो आड येत नाही, त्यामागचा हवेचा डबा (प्लेनम) उगाच. खरं का?

ब्युरेट:
सरासरीने सीनिअर बरोबर, क्षणाने नाही. २० मिमीच्या गळ्यातून हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की समुद्रसपाटीला, २७ अंशांना, सेकंदाला ७४ ग्रॅमच जाते. नागपूरच्या ३१० मीटर उंचीवर आणि ४३ अंशांत सुमारे ७०. तुमचं ३७३ सीसी ९००० ला सरासरी ३३ ग्रॅम मागतं. पण सिंगल सिलिंडर ७२० अंशांपैकी साधारण एक तृतीयांश काळच ओढतं, तेव्हा मागणी १०० च्या घरात जाते आणि गळा चोक होतो. प्लेनम तीच मागणी सपाट करतो. त्याचा आकार वाढवत नेलात तर थ्रॉटलचा प्रतिसाद मंदावतो, तेवढं बघा.

विद्यार्थी_रेस्ट्रिक्टर:
धन्यवाद सर. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, शांतता आहे.

कार्बवाला:
ईसीयूच्या ८० हजारांवर माझा आक्षेप. बाइकचे चार कार्ब जुने घेतले, मॅनिफोल्ड वेल्ड केला, २५ हजारांत काम. जेट बदलायला लॅपटॉप लागत नाही.

टॉर्करेंच:
कार्ब चालतात, पण स्पार्कचं काय? कॉम्प्रेशन १० केल्यावर इग्निशनचा नकाशा बदलावाच लागतो, म्हणजे प्रोग्रॅमेबल इग्निशन आलंच. आणि हवामान बघा. मेमध्ये नागपुरात ४४ अंशांना जेट बसवलेत आणि डिसेंबरात कोइम्बतूरला करी स्पीडवेवर २५ अंशांना उतरलात तर तिकडची हवा पाचेक टक्के दाट. उंची ४११ मीटर धरूनही. इंजिन लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालणार. चेन्नईचा ट्रॅक समुद्रसपाटीजवळ, तिथे आणखी. ईसीयू हवेचं तापमान आणि दाब वाचून हे स्वतः सांभाळतो.
त्यात आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल). शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन. जुने जेट, जुने रबरी पाइप दोन्ही बदला. फायदाही आहे, ई२० चा ऑक्टेन ९५, साध्या ९१ पेक्षा नॉकिंगला जरा सूट. वाइडबँडवर लॅम्डा (त्या इंधनाच्या योग्य मिश्रणाशी तुलना, १ म्हणजे बरोबर) वाचा, एएफआरच्या (हवा-इंधन प्रमाणाच्या) आकड्यांनी गोंधळ होतो.
१२० बीएचपीला इंजेक्टर ८५ टक्के ड्युटीवर मिनिटाला २०० सीसीचे पुरतात.

कार्बवाला:
इग्निशनचं मान्य. तरी ईसीयू सेकंडहँड बघा, नव्याचा हट्ट नको.

बॅफल:
कोणी तेलावर बोललं नाही म्हणून लिहितो. लांब वळणात संपमधलं तेल बाजूला जातं, पिकअप हवा ओढतो, आणि ७००० वर दोन सेकंद दाब पडला तरी रॉडचं बेअरिंग जातं. बीएचपी कितीही काढा, इंजिन मरतं ते इथे. हिशेबनीस यांनी बॅफलला ५ हजार धरलेत ते कमीत कमी. त्यात पिकअपकडेच उघडणाऱ्या झडपा हव्यात, नुसती आडवी पट्टी नको. तेल अर्धा लिटर जास्त ठेवा. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा चालतो. दाबाचा दिवा स्टॉकचा ठेवू नका, तो खूप उशिरा पेटतो. ३० पीएसआयला पेटणारा मोठा लाल दिवा डोळ्यांसमोर लावा.

तर्री_पोहे:
ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी यंत्रणा) लावा ना मग, विषयच मिटला.

बॅफल:
दीड लाखांचा ड्राय संप दीड लाखांच्या इंजिनाला? या वेगात बॅफल आणि ऑइल कूलर पुरतो.

धंतोलीकर:
सगळ्यांचे आभार. आता असं ठरवलंय: लिमिटर ७२००. स्टॉक रॉड, नवे बोल्ट, चांगल्या ब्लॉकमध्ये स्टॉक पिस्टन, कॉम्प्रेशन १०, मध्यम कॅम, सेकंडहँड ईसीयू. नियमावली वाचली, आमच्या क्लासमध्ये कॅम आणि हेडचं काम चालतं. बजेट सव्वादोन लाखांवर नेलं. यात किती निघतील?

ब्युरेट:
स्टॉकचा १०३ चा टॉर्क ७००० पर्यंत टिकवला तरी १०१ बीएचपी होतात. कॅम बरोबर निवडलात आणि कॉम्प्रेशन चढलं तर १०० ते १०५ धरा. राहिलेल्या पंधरासाठी आणखी दीड लाख लागले असते.

हिशेबनीस:
सव्वादोनमधले २० हजार बाजूला काढा, इंजिन पुन्हा उघडायचं आहे हे धरून. बेअरिंग, रिंगा, गॅस्केट आणि मजुरी. रेसच्या इंजिनात तो खर्च पहिल्या बिलातच मोजायचा असतो.

हिंगणा_लेथ:
रीग्राइंड कॅमला एक पथ्य. पहिल्या स्टार्टला आयडलवर सोडू नका, कॅमवर तेल कमी पोचतं आणि लोब खाऊन जातो. लोबवर मॉलीची पेस्ट, झिंकवालं मिनरल तेल, स्पार्क काढून क्रँक मारत तेलाचा दाब आणा, मग स्टार्ट करून २०००-२५०० आरपीएमवर वीस मिनिटं, आरपीएम हलते ठेवून. त्यानंतर रिंगा बसायला लोड द्या, लाड नकोत.
तेल गरम असतानाच काढा, फिल्टर कापून कागद पसरा. चुंबकाला चिकटणारी पूड म्हणजे रिंगा किंवा कॅम, न चिकटणारी चंदेरी म्हणजे पिस्टन, तांबूस दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलेला. पहिल्या फिल्टरमध्ये बारीक राखाडी धूळ असतेच. दुसऱ्यातही दिसली तर डायनोची तारीख पुढे ढकला आणि संप खोला.